डावरीची स्लाइड

मला राग लवकर येतो, हे आमच्या लॅबमध्ये शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या हॉस्पिटलच्या रक्त तपासणी विभागाची मी प्रमुख. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दम भरते, काचेवर बोटाचा ठसा दिसला तर याद राखा. मुलं घाबरतात आणि मग माझे हात बघून हळूच हसतात. कारण मी जेवते उजव्या हाताने, लिहिते उजव्या हाताने, पण रक्ताचा थेंब काचेवर पसरायची वेळ आली की काच डाव्या हातात धरते.

हे खूळ मला डावरीने लावलं.

डावरी म्हणजे होस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी मुलगी. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला आम्ही दोघी एकदमच आलो. सुरुवातीला माझ्या हातून एक स्लाइड धड निघेना. थेंब ठेवायचा, दुसरी काच तिरकी टेकवायची आणि एका दमात पुढे सरकवायची. मध्ये थांबलं की गेलं. रक्त शेवटी पातळ होत होत शेपटीसारखं निमुळतं व्हायला हवं, माझं नुसतं लडबडायचं. सर म्हणाले, "तुम्ही भिंती रंगवायला जा." मी रडत खोलीवर आले. डावरीने स्वतःच्याच बोटाला सुई टोचली, मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "मी करते तसं कर, मिरचे. रड नंतर."

मी केलं. ती डावखुरी आहे आणि आपण नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं तोवर हात बसला होता. आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो, आणि त्या दिवसापासून मी तिला डावरीच म्हणायला लागले.

आम्ही स्वतःची लॅब काढणार होतो. खिडकीजवळ मायक्रोस्कोप, दोन खुर्च्या, दारावर पाटी. पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून इतकं वाजायचं की शेजारच्या मुली भिंत ठोकायच्या.

शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. "आलेच गं," म्हणून ती गेली, ती आलीच नाही. फोन लागेना. परीक्षा संपल्यावर मी तिच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. वडिलांना घेऊन कुठे नातेवाइकांकडे गेलेत म्हणे, कुठे ते शेजाऱ्यांना सांगता येईना. मला तिची काळजी वाटली, पण त्याहून जास्त राग आला. सांगून जायला काय झालं होतं?

मी पास झाले, नोकरी लागली, वरच्या जागा मिळत गेल्या. घरी नवरा चांगला आहे, मुलं गुणी आहेत, तक्रार करायला तोंड नाही. पण मायक्रोस्कोपखाली काही नवल दिसलं की अजूनही तोंडातून निघतं, "ए, बघ गं हे!" शेजारी कोणी नसतं. मग मी घसा खाकरते आणि कुणाला तरी उगाच ओरडते. तिची आठवण येते असं म्हणणं सोपं आहे. मला ती हवी असते, त्याच क्षणी, त्याच खुर्चीवर.

गेल्या महिन्यात रक्त गोळा करणाऱ्या बाहेरच्या केंद्रांवरून येणाऱ्या स्लाइडी बघणारा आमचा ज्युनिअर रजेवर गेला, म्हणून मीच बसले. एक स्लाइड उचलली आणि हात थांबला. स्लाइडमध्ये माणसाचा हात दिसतो, अक्षरात दिसतो तसा. आमच्याकडे सगळ्यांच्या शेपट्या एकीकडे कलतात, माझी एकटीची उलटीकडे. हीसुद्धा उलटीकडे कलली होती, आणि टोकाला नखासारखा बाक होता. तो बाक मला कधी जमला नाही. तो फक्त डावरीचा.

मी त्या केंद्राला फोन लावला. "तुमच्याकडे डावखुरं कोण आहे?"

"कोणी नाही, मॅडम," एक मुलगी म्हणाली.

खोटं बोलते, वाटलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझी रजा म्हटल्यावर ऑफिसमधल्या क्लार्कने चष्मा काढून पुन्हा घातला.

केंद्र बसच्या शेवटच्या थांब्याजवळ, चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर होतं. एक खोली, पडदा, हात टेकायची खुर्ची. टेबलाशी तरुण टेक्निशियन एकटीच होती. तिने उजव्या हाताने ट्यूबवर नाव घातलं, पेन ठेवलं आणि डाव्या हाताने काच उचलली. एका दमात सरकवली. टोकाला बाक.

आणखी कोणी डावरीकडून शिकलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगते, त्या पोरीचा मला हेवा वाटला.

"कुठाय ती?" मी विचारलं.

फोनवरचा आवाज तिने ओळखला, मी कोण हे सांगावं लागलं नाही. तिने खुर्ची पुढे केली. "ताई उन्हाळ्यात गावी गेल्या, भावाकडे. वडील वारले ना त्यांचे. परीक्षा राहिलेली, म्हणून इथे नुसतं रक्त घ्यायचं काम करायच्या. पण स्लाइड त्यांच्यासारखी कुणाची नाही. मला म्हणायच्या, नीट काढ, तिकडे माझी मैत्रीण बसते."

"माहीत होतं तिला? मग फोन करायला हात मोडले होते?"

"त्या म्हणायच्या, मी सोडून आले, आता तिने बोलवायला हवं." मुलीने ट्यूब स्टँडमध्ये ठेवली. "एकदा त्यांनी स्वतःच्या रक्ताची स्लाइड काढली, मुद्दाम जाडजूड. नावाच्या जागी लिहिलं, डावरी. म्हणाल्या, आता बघ, शिव्या द्यायला तरी फोन करते."

"मग?"

"तिकडून चिठ्ठी आली. स्लाइड जाड, नाव अपूर्ण, पुन्हा पाठवा. खाली तुमचा शिक्का."

शिक्का ज्युनिअरच्या टेबलावर असतो. दिवसभर तो ठोकत असतो. ती स्लाइड माझ्यापर्यंत आलीच नव्हती. मी हे त्या मुलीला तावातावाने सांगायला लागले आणि मध्येच रडू फुटलं. ती बिचारी कापसाचा बोळा घेऊन उभी राहिली.

"परत पाठवली नाही तिने?"

"नाही. म्हणाल्या, ओळखलं नसेल तर वाईट, ओळखून केलं असेल तर त्याहून वाईट."

नंबर मुलीकडे होता. डावरी अजून तिला रोज फोन करून हात बिघडला नाही ना, विचारते. मी नंबर लावला. घंटा वाजत राहिली. इतकी वर्षं साठवलेलं भांडण मनात तयार होतं, शब्दन् शब्द.

"हॅलो?"

आवाज जाडसर झाला होता, पण तिचाच. भांडण कुठल्या कुठे गेलं.

"हॉस्पिटलच्या लॅबमधून बोलतेय," मी म्हटलं. "तुमची स्लाइड फार जाड आलीय. पुन्हा काढावी लागेल."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तिकडे येऊन काढू का, मिरचे?"

"ये," मी म्हटलं. "सुई आहे, काच आहे, सगळं आहे इकडे. तू फक्त बोट घेऊन ये."