तितूताचा तळहात

मी लिबोरियोचं व्हायोलिन. माझ्याकडे बघून फार मोठ्या मैफलींची कल्पना करू नका. मला ज्या सुताराने घडवलं तो एरवी खुर्च्या करायचा, आणि ते माझ्या मानेकडे बघून कळतं. पण नेपल्स शहरात मी जे काम केलं ते चांगल्या चांगल्या वाद्यांच्या वाट्याला आलं नाही. मी एका नटीला रडवायचो.

मूकपटांचे दिवस होते. टेकडीवर काचेच्या छपराचा स्टुडिओ होता. तिथे नटांना रडू यावं, प्रेम यावं म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला बसून लिबोरियो मला वाजवायचा. माझा सूर फिल्मवर उतरत नसे. उतरायचे ते फक्त अश्रू.

नटीचं नाव पडद्यावर फेदोरा, घरी इम्मा. लिबोरियोच्याच गल्लीतल्या धोबिणीची ती मुलगी. तिची आई तितूता पूर्वी कपडे आपटताना एक गाणं म्हणायची. मग तापात तिचे कान गेले आणि गाणंही थांबलं. लिबोरियोने तेच गाणं माझ्यावर बसवलं होतं. ते वाजलं की इम्माचे डोळे भरलेच म्हणून समजा.

दिग्दर्शक खूश असायचा. त्याला वाटायचं, कमाल त्याचीच आहे.

इम्माचं दुःख मात्र खरं होतं. मुलगी सिनेमात गेली म्हणून तितूताने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तितूता माणसाच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. इम्मा दारात आली की ती घट्ट डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसाने डोळे मिटल्यावर तुम्ही कितीही ओरडा, काय उपयोग? इम्मा थोडा वेळ उभी राहायची आणि परत जायची. आईने एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी आणि रविवारी दुपारी लिबोरियो मला घेऊन खालच्या थिएटरात पडद्यासमोर वाजवायला बसायचा. रविवारी पुढची बाकं बहिऱ्या मंडळींनी भरलेली असत. सिनेमा हा त्यांचाच खेळ होता. एकदा असं झालं, पडद्यावर इम्मा नायकाच्या मिठीत होती, सगळं थिएटर उसासे टाकत होतं आणि ही पुढची मंडळी पोट धरून हसत होती. नायकाच्या कानाशी तोंड नेऊन ती काय म्हणाली होती ते स्टुडिओत मी ऐकलंच होतं : "लसूण खाऊन येत जाऊ नकोस रे मेल्या, जीव गुदमरतो."

दुसऱ्या दिवशी लिबोरियोने तिला हे सांगितलं. आधी ती लाजेने लाल झाली. मग एकदम पुढे सरकून तिने विचारलं,

"लिबोरियोकाका, त्यांना सगळं कळतं?"

"सगळं. शिवीसुद्धा. जरा जपून, पोरी."

पुढच्या चित्रपटात तिला मरायचं होतं. कॅमेरा अगदी जवळ आणला होता. उमरावाची क्षमा मागून तिने प्राण सोडायचा, असं ठरलेलं. मी तिच्या आईचं गाणं धरलं. तिचे ओठ हलू लागले, पण उमराव त्यात कुठेच नव्हता.

"आई, हल्ली मी रोज गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि मागे फिरते. मी काही वाईट केलेलं नाही गं. एकदा माझ्याकडे बघ."

"वा! अप्रतिम!" दिग्दर्शक ओरडला. "काय पश्चात्ताप आहे चेहऱ्यावर!"

चित्रपट लागला तसं बहिऱ्या मंडळींनी तितूताला गाठलं. तिने बरेच आढेवेढे घेतले, पण दुसऱ्या रविवारी शेजारणींनी तिला हाताला धरून आणलंच. मागच्या रांगेत डोक्यावरून शाल घेऊन इम्मा बसली होती. माझ्या तारा त्या दिवशी जरा जास्तच ताणल्या होत्या.

इम्माचा चेहरा पडदाभर आला. तितूताने डोळे झाकायला हात नेला आणि मध्येच थांबवला. ती बघत राहिली. आसपास रुमाल निघाले होते. तेवढ्यात तितूता उभी राहिली. आपला आवाज केवढा आहे हे तिला कळत नसे.

"मग गल्लीच्या तोंडाशी काय करतेस, कार्टे? घरी ये ना! घेवडा शिजायला ठेवलाय, तुला पोचवायला उमराव येणार आहे का?"

लिबोरियोचा गज हातातून पडला. मागून इम्मा धावत आली, आईसमोर उभी राहिली, आणि आईने तिच्याकडे बघितलं. पडद्यावरची इम्मा मेली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे बोलपट आले आणि स्टुडिओतलं काम आणि थिएटरातलं काम, आमची दोन्ही कामं एकदमच गेली. इम्माचा आवाज बाजारातल्या मासेवालीसारखा आहे, असं दिग्दर्शक म्हणाला. "माझ्या आईची काही तक्रार नाही," म्हणत ती घरी आली.

एका दुपारी लिबोरियो मला घेऊन त्यांच्याकडे गेला. तितूताने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "माझ्या पोरीला रडवायचं ते हेच का डबडं?"

इम्माने आईचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला. साबणाने सोललेला, खरबरीत हात. लिबोरियोने तिचं गाणं सुरू केलं, तशी माझी थरथर तिच्या तळहातात शिरली. तितूता आधी हसली, मग तिचा दुसरा हात टेबलावर पडू लागला, ओला कपडा दगडावर आपटावा तसा, बरोबर ठेक्यात. आणि इतक्या वर्षांनी ती गायला लागली. सूर कुठल्या कुठे चालला होता. इम्मा ओक्साबोक्शी रडत होती आणि या वेळी तिला कोणी रडायला सांगितलं नव्हतं.

आता तितूता नाही, लिबोरियोही नाही. इम्माचे चित्रपट सगळे नाहीसे झाले. म्हातारी इम्मा मला खुंटीवरून काढून पुसते आणि परत ठेवते. माझ्या दोनच तारा उरल्यात, पण पाठ शाबूत आहे.

उद्या मी तुमच्या हाती आलो तर मला काचेच्या कपाटात ठेवू नका. दोन तारांवर वाजेल ते वाजवा. आणि जवळ कोणी ऐकू न येणारं बसलं असेल, तर त्याचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवा.