कंट्रोल दाबून रेघ

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी दोनशे बाराव्या पानावर होतो. सकाळचे अकरा वाजले होते. नर्स म्हणाली, "लगेच या." तिच्या आवाजावरूनच मी समजलो. तरी हातातली ओळ पूर्ण केली, फाइल सेव्ह केली आणि मगच चपला घातल्या. कोणी याला काहीही म्हणो. पुस्तक दोनशे चौदा पानांचं होतं आणि ते संपलं का, हे माझी बायको खाटेवरून रोज विचारायची.

ती घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करायची. एकतीस वर्षं केली. प्रेसवाला कागद पाठवायचा, ती कॉम्प्युटरवर टाइप करून पानं लावून द्यायची. पुस्तकाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात तिचं नाव छापून यायचं. हे शेवटचं पुस्तक गुरांच्या डॉक्टरांचं होतं, जनावरांच्या रोगांवर. पानावर दोन अरुंद रकाने. अरुंद रकान्यात लांब शब्द मावला नाही की अख्खा खालच्या ओळीत जातो आणि वर पडक्या दातांसारख्या फटी राहतात. म्हणून शब्द तोडायचा, अर्धा वर ठेवायचा आणि त्याच्यापुढे छोटी रेघ द्यायची. तिच्या धंद्यात त्याला हायफन म्हणतात. मजकूर सगळा तिनेच टाइप केला होता. शब्द तोडायचं तेवढं राहिलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ते काम मी अंगावर घेतलं.

मी आयुष्यभर कारखान्यात लेथ मशीन चालवली. कॉम्प्युटरचं तिने मला खाटेवरून शिकवलं.

"नुसती रेघ नका देऊ. कंट्रोलचं बटण दाबून ठेवा आणि मग रेघेचं दाबा. ती रेघ ओळीच्या टोकाला असली तरच दिसते. उद्या रकाना बदलला तर आपोआप लपते."

"आणि नुसती दिली तर?"

"मग ती जळवेसारखी चिकटून बसते."

घरी येऊन मी दोन्ही करून बघितलं. पडद्यावर दोन्ही रेघा सारख्याच दिसत होत्या. एका बोटानं काम होतंय तर दोन कशाला गुंतवा, म्हणून मी नुसतीच रेघ देत गेलो.

संध्याकाळी भेटायला गेलो की ती विचारायची, "कंट्रोल दाबताय ना?"

"दाबतोय गं बाई. लेथवाल्याला बटणं शिकवू नकोस."

"शिकवून तरी कुठे शिकता तुम्ही!" असं म्हणून हसायची. हसताना धाप लागायची.

शेवटच्या आठवड्यात मी झालेली शंभर पानं छापून नेली. तिने रकान्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "कड सरळ आलीय," म्हणाली. "माझ्यापेक्षा बरं केलंत." मी मान हलवली.

ती गेल्यावर दीड महिन्यानं प्रेसवाल्यानं बोलावलं. डॉक्टरांनी पुस्तकाचं माप बदललं होतं. गोठ्यात उभं राहून वाचायचं तर ते खिशात मावायला हवं, असं त्यांचं म्हणणं. रकाने बदलले, शब्द सरकले आणि माझ्या रेघा शब्दांना चिकटून ओळींच्या मधोमध आल्या. मी पोचलो तेव्हा बाइंडर एक पान हातात धरून मोठ्यानं वाचत होता.

"गाईच्या का-सेला सूज. वास-राला जु-लाब. मालक, तोतरा कोण आहे, डॉक्टर की गाय?"

सगळे हसले.

"गप रे. काकांसमोर काय बोलतोस," प्रेसवाला म्हणाला. मग आवाज उतरवून मला म्हणाला, "काका, राग मानू नका. काकूंचं काम म्हणजे डोळे मिटून छापावं असं. पण आजारपणात डोकं थाऱ्यावर नसणार. मी दुसऱ्याकडून करून घेतो. त्यांचं नाव तेवढं काढतो. उगाच शेवटी शेवटी शोभा नको."

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नाव काढू नका. मी दुरुस्त करून देतो."

सगळ्या रेघा एकदम पुसता येत नव्हत्या, कारण 'दोन-तीन दिवस' यातली रेघ हवी असते. एकेक बघून काढावी लागली. दोन हजारांच्या वर होत्या. अठरा दिवस सकाळी नऊ ते पाच मी तिच्या खुर्चीत बसलो. चुकीची पुसायची, हवी तिथे कंट्रोल दाबून नवी द्यायची. दुसरं बोट गुंतवायला काहीच कष्ट पडत नाहीत.

पुस्तक छापून आलं. तिचं नाव जागेवर आहे. प्रेसवाला डॉक्टरांना घेऊन पहिली प्रत द्यायला घरी आला. मेहुणी आलेली होती, तिने चहा केला.

"काकूंनी शेवटी फार गोंधळ घालून ठेवला होता हो," प्रेसवाला तिला म्हणाला. "काकांनी एकेक चूक निस्तरली. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

"ताई कामात कधी चुकायची नाही," मेहुणी म्हणाली.

"आजारापुढे कोणाचं चालतं?" डॉक्टर म्हणाले.

मेहुणीने डोळे पुसले. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मी चहा प्यालो.

याला चार महिने झाले. प्रेस घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. चुका तिच्या नव्हत्या, माझ्या होत्या, हे मी तिथे जाऊन अजून सांगितलेलं नाही. मेहुणीलाही नाही.