अर्ध्या श्वासाचा उशीर

दिवा लागला, की भूमिकाचा हात डाव्या दांड्यावरून उजव्या दांड्यावर जायचा. त्यात आताशा अर्धा श्वास जास्त जात होता. बघणाऱ्याला ते कळलंही नसतं. तिला कळायचं, कारण तेवढ्यात लाल सळई कात्रीपुढे निघून जायची.

रसमड्याच्या त्या लहानशा रोलिंग मिलमध्ये ती काचेच्या केबिनमधून दोन कामं करायची. डाव्या दांड्याने तयार सळया थंड व्हायला जाळीवर सरकवायच्या. भट्टीकडून नवी सळई जवळ आली, की पिवळा दिवा लागायचा, तेव्हा उजव्या दांड्याने तिचं वेडंवाकडं तोंड कापायचं. तोंड तसंच राहिलं, तर सळई पुढच्या रोलमध्ये अडकून उसळायची. परवा उसळली, तेव्हा खाली उभा असलेला कामगार थोडक्यात वाचला.

"मन कुठं राह्यते तुयं?" शिफ्ट इनचार्ज नरेशभाऊ केबिनच्या दारात येऊन म्हणाले. "वजनकाट्यावर जागा हाय. एसी हाय, खुर्ची हाय. कधीचा विचारून राहिलो तुले."

"सांगते, भाऊ."

"सांगते सांगते करता करता कोणाचा पाय जाईन, बाई!"

ते खोटं नव्हतं. आपलं डोकंच मंदावलं असेल, तर खुर्ची सोडायलाच हवी, हे तिलाही पटत होतं. पण संशय जात नव्हता. तेजरामकाका रिटायर झाले, त्यांच्या जागी नरेशभाऊंचा भाचा मोहित भट्टीवर आला आणि तेव्हापासूनच हा उशीर सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत मोहित काचेला नाक लावून दांडे बघत उभा असायचा. या खुर्चीवर डोळा होता त्याचा.

भूमिका बीएस्सी झालेली. तिने आधी दिव्यावर संशय घेतला. शिफ्टच्या आधी येऊन तिने वायरी पाहिल्या, दिवा आणि सळई एकत्र दिसतील असा मोबाइलवर व्हिडिओ काढून तो सावकाश चालवला. दिवा वेळेवरच लागत होता. मग संशय घ्यायला तिचं स्वतःचं डोकं तेवढं उरलं.

सुट्टीच्या दिवशी ती स्कूटीने अहिवाऱ्याला तेजरामकाकांकडे गेली.

"काका, तुमी होते तवा मी चुकत नव्हती. तुमी काय करत होते?"

"काय करत होतो? गरमीत मरत होतो!" काका हसले. "नवा तुकडा काढाच्या आधी भट्टीच्या दारावर लोखंडी सब्बल ठोकत होतो. भट्टीले राम राम. माया उस्तादानं शिकवलं. पोट्टे हासत होते मले."

भूमिकाचा कप हातातच राहिला. भट्टीजवळचा माइक कायम चालू असायचा आणि त्याचा आवाज केबिनमध्ये यायचा. तो ठोका तिने कधी मुद्दाम ऐकला नव्हता. पण तो पडला, की मन जाळीवरून उठून कात्रीपाशी जाऊन उभं राहत असणार. दिवा लागेपर्यंत हातानेच जायचं बाकी असायचं. आता एक काम मनातून खाली ठेवणं आणि दुसरं उचलणं, दोन्ही दिव्यानंतरच होत होतं.

"काका, नरेशभाऊले माहीत हाय हे?"

"त्याले? तुया आधी त्या खुर्चीवर तोच तं बसे."

दुसऱ्या दिवशी तिने मोहितला ठोका मारायला सांगितला. त्याने खांदे उडवले, पण मारला. दुपारच्या चहापर्यंत एकही तोंड सुटलं नाही.

चहाला नरेशभाऊ आले. भूमिकाने त्यांच्यासमोरच विचारलं, "मोहित, ठोका कावून बंद केला होता?"

"मैंने कहाँ, ताई! पहिल्या दिवशी मारला ना मी. मामाजी ही बोले, ये नाटक बंद कर."

नरेशभाऊंनी गार झालेल्या चहावर फुंकर मारली. "अंधश्रद्धा होय ते. टाइम जाते फालतू."

त्यांनी वर पाहिलं नाही. ठोक्याचा उपयोग त्यांना ठाऊक होता, की त्यांनाही तो कधी कळलाच नव्हता? या माणसाच्या मनातलं मोजायला तिच्याकडे काही नव्हतं. मोहितवर मात्र आपण उगाच संशय घेतला, एवढं तिला दिसलं.

"ते जाऊ दे," नरेशभाऊ म्हणाले. "काट्यावर कधी जातं, ते सांग."

"जात नाही, भाऊ," भूमिका म्हणाली. "ही खुर्ची मी सोडत नाही. अन् ठोका पडल्याबिगर सळई घेत नाही."