शिंपीदादांची उघडी गाडी

पन्नाशी उलटल्यावर शिंपीदादांनी मोटारसायकल घेतली. चारशे सीसीची. पुढे काच नाही, अंगावर आवरण नाही. इंजिन, नळ्या, सांगाडा सगळं लख्ख दिसत होतं.

"हिला नेकेड म्हणतात," त्यांनी बायकोला ऐटीत सांगितलं.

ती शर्टाची काजं करत होती. तिने दाताने दोरा तोडला. "जन्मभर अख्ख्या गावाचे कपडे शिवलेत आणि घरात आणलीत ती ही अशी! कापड कमी पडलं का?"

"अगं, म्हणून तर हलकी आहे. हँडल रुंद, बसणं ताठ. पाठ म्हणून दुखत नाही."

"दुकानदाराचं भाषण बरं पाठ झालंय!"

तरी सुट्टीच्या दिवशी ती मागे बसली. "ही सीट आहे की टाचण्यांची उशी?" एवढं म्हणून मात्र गप्प झाली. गाडी गर्दीतून सुळकन निघत होती, वळणावर नुसता खांदा कलला तरी झुकत होती. बायकोची ही शांतता शिंपीदादांना झेपेना.

"घाबरलीस का?"

"पुढे बघा!"

सिग्नलला ते थांबले. शिंपीदादांचे चवडेच काय ते टेकत. रस्ता उतरता होता. बूट घसरला आणि गाडी कलंडू लागली. आता संपलंच, असं त्यांना वाटलं. पण गाडी मध्येच थबकली. मागे बायकोने दोन्ही बाजूंना पाय भक्कम रोवले होते. ती त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती. हा विषय घरात कुणी काढत नसे.

"काकू, हँडल तुम्हीच घ्या!" शेजारच्या बसचा ड्रायव्हर ओरडला. सगळे हसले. शिंपीदादांचे कान तापले. त्यांनी वळून पाहिलं, तर बायको हसत नव्हती. मनात भरलेलं कापड बघावं तशी ती हँडलकडे बघत होती.

त्यांनी गाडी सरळ मोकळ्या मैदानात नेली आणि हँडल बायकोच्या हाती दिलं. शिवलेले कपडे ती वर्षानुवर्षं स्कूटरवरून पोचवत आली होती. शिकायचे होते ते क्लच आणि गिअर. गाडी एकदा बंद पडली, पुन्हा बंद पडली, मग जी निघाली ती निघालीच. शिंपीदादा तिची पर्स छातीशी धरून उभे राहिले. फेरीमागून फेरी झाली, तेव्हा कुठे ती त्यांच्यापुढे थांबली.

"बसा. नीट धरून हं."

त्यांनी मुकाट्याने तिची कंबर धरली. घराजवळ आल्यावर शेजाऱ्यांपुढे काय तोंड करायचं, याची ते तयारी करत होते, तोवर घर मागे पडलंसुद्धा.

"अगं, घर गेलं!"

"कुठे जातंय ते," ती म्हणाली आणि तिने गिअर बदलला.