सात घरांची आत्या

वस्तीची शिरगणती मी केली आणि आकडा आला एक्केचाळीस. मी खूश. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन.

"बाई, मागच्या वेळी अडतीस होते. तेव्हापासून तुमच्याकडे तिघं गेले, एकही पाळणा हलला नाही. मग माणसं काय जमिनीतून उगवली?"

शाळा सांभाळून हे काम म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या, त्यात वर ही बोलणी. मी मुळातच तापट. त्यातून साहेबांचं गणित बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. कागद पुन्हा पसरले आणि चोर सापडला. वस्तीतल्या सातही घरांत एकच बाई नोंदली गेली होती. लोहाराकडे ती बहीण, गवंड्याकडे मावशी, दूधवाल्याकडे तर चक्क आई. मी आपली रकाने भरत सुटले होते, नावाकडे बघतंय कोण!

ती म्हणजे शिवणआत्या. तिचा नवरा जाऊन जमाना झाला, घर पुरात गेलं. तेव्हापासून ती महिनाभर एका घरी राहते, त्यांचे कपडे शिवते आणि महिना भरला की शिवणयंत्र हातगाडीवर टाकून पुढच्या घरी जाते. "घरात कोण कोण?" असं मी विचारलं, तेव्हा प्रत्येकानं तिला धरूनच सांगितलं. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

"आत्याला एकाच घरात ठेवायचंय," मी लोहाराला सांगितलं.

"मग आमच्यात ठेवा की. प्रश्न मिटला."

गवंडीही तेच म्हणाला, फक्त आवाज चढवून. दूधवाला तर हातच जोडून उभा राहिला. "कमीच करायचं असेल तर मला खोडा, बाई. आईला नाही."

आत्या त्याच्याच पडवीत बाही जोडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं.

"बाई, माझं नाव सांगितलं का हो कुणी?" तिनं मान वर केली नाही. "तुम्ही येताना दिसलात तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेले. माझ्यादेखत त्यांना अवघडल्यासारखं नको. नसेल सांगितलं तर राहू द्या. मी काही रागावणार नाही."

एका घरातलं दुसऱ्याला सांगायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद असते. ती मी तिथेच मोडली.

"सगळ्यांनी सांगितलंय. सातही घरांनी! आता सहा ठिकाणी खोडायचं म्हणून माझ्या डोक्याला ताप झालाय."

यंत्राचं चाक थांबलं. आत्या हातातली बाही उलटसुलट करत राहिली, मग त्या बाहीनंच तिनं डोळे पुसले.

"कुठलं ठेवू ते तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"एक घर माझं म्हटलं की सहा परकी झाली. नको बाई. मला वेगळी लिहा."

"वेगळं कुटुंब म्हटलं की घर दाखवावं लागतं, आत्या. नसेल तर तिथे 'बेघर' लिहायचं असतं."

शब्द तोंडून गेला आणि मला माझीच लाज वाटली. मी कोरा फॉर्म काढला. कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव लिहिलं, आणि घराच्या रकान्याशी पेन अडलं. नियम मला पाठ होता. साहेबांनीही तेच लिहायला लावलं असतं. मी सरळ पुढचा प्रश्न विचारला.

"घरात खोल्या किती?"

आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. थट्टा नाही, हे तिला कळलं असावं.

"थांबा हं," ती म्हणाली आणि बोटांवर मोजू लागली. "लोहाराच्या दोन. गवंड्याच्या तीन... मागची अर्धवट बांधलेली धरायची का?"

"धरा."

"मग चार. दूधवाल्याच्या..."

वर्गात उत्तराला उशीर झाला तर मी खडू फेकून मारते. पण तिची सातही घरं मोजून होईपर्यंत मी गप्प बसले, आणि आलेला आकडा तिच्या नावापुढे शाईनं लिहिला.