बोट ठेव

लातूरला जायचं म्हणून आप्पांनी पांढरा शर्ट घातला, पण जुना टेम्पो धुतला नाही. गल्ली घागरी घेऊन उभी असताना पाणी वाहणाऱ्यानं गाडी धुवावी, हे त्यांना पटत नसे. उदगीरहून आम्ही एसटीनं निघालो. २०१६ चा एप्रिल होता. लातूरला रेल्वेनं पाणी येऊ लागलं होतं आणि बसमध्ये सगळे त्याचंच बोलत होते.

"लातूरला रेल्वे, आमच्या गल्लीला हा चन्नबसप्पा," आप्पा शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले. "शिट्टी तेवढी न्हाई माझ्याकडं."

"उदगीर जिल्हा होतोय म्हणतात. मग तुम्हाला बी रेल्वे."

"लातूर जिल्हा झाला तवापासून आमचा होतोय. पण यंदा होणार. जिल्हा झाला की हापिसं येतील, टेबलं-कपाटं येतील. ती काय कलेक्टर डोक्यावर आणंल? गाडी लागंल. तीच घ्यायला चाललोय." मग माझ्याकडे मान वळवून, "ही थोरली. नांदेडला कॉलेजात लायब्ररी सांभाळती. कागद वाचायला आणलंय."

आप्पांना कागद वाचता येत होता, पण कन्नडमधला. लहानपणी आजोळी शिकले तेवढंच. मराठी कागद समोर आला की ते मला म्हणत, "नंदव्वा, बोट ठेव." मी बोट ठेवीन तिथे ते कन्नडमध्ये सही करत. शाळेच्या दाखल्यापासून माझ्या लग्नाच्या नोंदणीपर्यंत असंच चाललं होतं. मी बोट कशावर ठेवलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

शोरूममध्ये एकाच रंगाच्या दोन पिकअप शेजारी उभ्या होत्या. मागचा हौदा सारखा, चाकं सारखी. फरक फक्त बॉनेटखाली होता. तिथला विक्रेता रेवणसिद्ध आमच्याच भागातला निघाला. त्यानं दोन्ही बॉनेट उघडली.

"हे लहान इंजिन. डिझेल कमी पितं, सपाटीला काही अडचण न्हाई. पण दोन हजार लिटरची टाकी भरून चढ चढायचा म्हणजे पहिल्या गियरवर कण्हत जाणार. हे मोठं. भरल्या टाकीनं चढावर थांबा, पुन्हा उचला, काही वाटत न्हाई त्याला."

आप्पांनी मोठ्या इंजिनावर तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "हेच," ते म्हणाले. "इंजिनात दम पाहिजे."

दम. महिनाभरापूर्वी शिवरात्रीला मी घरी आले होते, तेव्हा धुवायच्या शर्टाच्या खिशात मला दवाखान्याची चिठ्ठी सापडली होती. चढताना दम लागतो, छातीत दुखतं, ओझं उचलू नये, मोठ्या डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं. आप्पांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, बारीक घडी केली. "अव्वाला सांगू नगस. फिकीर करत बसंल. पावसाळा लागला की दाखवतो." मी मान हलवली होती. अव्वा म्हणजे माझी आई, कमलम्मा. तिच्यापासून मी तोवर काही लपवलं नव्हतं.

रेवणसिद्धानं फॉर्म माझ्यापुढे सरकवला. इंजिनाच्या रकान्यात दोन चौकोन होते. आप्पा अजून गाडीभोवती फिरत होते, मागचं फाळकं पाडून बघत होते. मला पुढचे महिने दिसत होते. मोठं इंजिन आलं की तीन खेपांच्या सहा होणार, रात्री-बेरात्री कुणीही हाक मारणार, आणि हा माणूस नाही म्हणणार नाही. लहान इंजिन दमलं की याला थांबावंच लागेल. मी लहानाच्या चौकोनात खूण केली.

रेवणसिद्धानं ती पाहिली. "मॅडम, ते तर मोठं म्हणत होते ना?"

"आमचं ठरलंय," मी म्हणाले.

मग आप्पा आले, पेन घेतलं. "बोट ठेव."

मी सहीच्या जागी बोट ठेवलं. त्यांनी सही केली, अक्षरावर अक्षर बसवून, सावकाश. आमची प्रत माझ्या पर्समध्ये गेली. अक्षय्य तृतीयेला गाडी मिळणार होती. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः बर्फ नको म्हणाले. परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. श्वास ऐकत मी जागी राहिले. गाडी यायला तीन आठवडे आहेत, तोवर सांगू, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आप्पा जिथून पाणी भरत त्या मळ्याच्या चढावर जुना टेम्पो बंद पडला. विहीर खाली आणि रस्ता वर, त्यामुळे तिथे तो नेहमीच कण्हायचा. आप्पांनी उतरून चाकामागे मोठा दगड लावला, टेम्पो घसरू नये म्हणून मागून खांदा दिला. मळ्याचा मालक मलप्पा वरून धावत येत होता. त्यानं नंतर आम्हाला सांगितलं, "मला म्हणले, दोन-तीन आठवड्यांनी मोठं इंजिन येतंय मलप्पा, मग हा दगड तूच ठेव तुझ्या दारात. एवढं बोलले आन् दगडावरच बसले." तिथून ते उठले नाहीत.

मातीला सगळी गल्ली आली. आमच्या लिंगायत रीतीनं आप्पांना खड्ड्यात बसवलं, वर विभूती आणि बेलाची पानं टाकली. ओंजळीतली माती सोडताना मला एकच कळत होतं. माणसाचा दम कमी पडतो म्हणून त्यांना इंजिनाचा हवा होता. आणि मी तोच कमी केला होता.

गाडीचं बुकिंग रद्द करायचं नाही, असं गुरुपादप्पा काकांनी ठरवलं. ते आप्पांचे धाकटे भाऊ. "दादाची शेवटची इच्छा हाय. मी चालवीन. गल्लीला पाणी पाहिजेच." अक्षय्य तृतीयेला काका, अव्वा आणि मी शोरूमला गेलो. अव्वानं पिशवीत नारळ, उदबत्ती आणि आप्पांचा रुमाल घेतला होता. रुमाल ती स्टिअरिंगला बांधणार होती.

गाडीला झेंडूचा हार घातलेला होता. काकांनी आधी बॉनेट उघडायला लावलं. बघत राहिले. बघता बघता त्यांची मान ताठ झाली.

"हे लहान हाय."

"होय काका," रेवणसिद्ध म्हणाला. "बुकिंग लहानाचंच आहे."

"कुणाचं बुकिंग? दादानं सगळ्या गल्लीला सांगितलं मोठं घेतलं म्हणून. मरताना सांगितलं मलप्पाला. मरणारा माणूस खोटं बोलंल व्हय?"

"फॉर्म बघा ना, काका. त्यांची सही आहे."

"सही हाय! मराठी वाचता येत न्हाई बघून टिकवलं त्याला लहान. आपल्याच माणसानं फसवलं, रेवणसिद्ध, आपल्याच!"

आवाज ऐकून मॅनेजर काचेच्या खोलीतून आले. फॉर्म मागवला, वरून खाली वाचला. "ग्राहकानं मोठं सांगितलं होतं का?" त्यांनी रेवणसिद्धाला विचारलं.

रेवणसिद्धानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. नंतर अव्वाच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "साहेब, माझ्याकडं आला तसा फॉर्म मी पुढं पाठवला."

"मी काय विचारतोय? सांगितलं होतं का?"

"होय."

"मग? ही या महिन्यातली दुसरी तक्रार तुझी." मॅनेजरनं फॉर्म टेबलावर टाकला. "गळ्यातलं ओळखपत्र काढ. उद्यापासून येऊ नकोस."

एवढं होईल असं काकांना वाटलं नसावं. रेवणसिद्ध ओळखपत्राची दोरी डोक्यावरून काढू लागला, ती कॉलरमध्ये अडकली. त्याच्या जिभेवर एक वाक्य होतं आणि तो ते बोलत नव्हता. माझ्या घरात मरण झालं होतं म्हणून बोलत नव्हता.

मी बोलले तर लगेच पुढचा प्रश्न येणार होता. का? आणि त्याचं उत्तर अव्वाला ऐकावं लागणार होतं. तीन आठवडे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, काही दुखत न्हवतं हो त्यांना, देवानं असंच उचललं. त्या वाक्याच्या आधारावर ती दोन घास खात होती.

"नंदा होती की संगं," अव्वा खुर्चीवरून म्हणाली. पिशवी तिनं मांडीवर धरली होती. "तिच्यापुढं कोण फसवतंय? ती बोट ठेवल्याबिगर त्यांनी सही केली का कधी?"

अव्वानं ते माझ्या बाजूनं म्हटलं होतं.

मी टेबलाजवळ गेले. फॉर्म सरळ केला. खाली आप्पांची गोल, जपून काढलेली अक्षरं होती. वर दोन चौकोन होते. लहान इंजिनाच्या चौकोनावर मी बोट ठेवलं.

"ही खूण माझी आहे," मी म्हणाले. "यांनी मला विचारलं होतं, मी यांनाही खोटं सांगितलं. यांना कामावरून काढू नका."

"काय बोलतीस पोरी?" काका म्हणाले. "तू कशाला करशील असं?"

मी त्यांच्याकडे न बघता अव्वाकडे बघितलं. तिच्या मांडीवरची पिशवी कलली होती, रुमालाचं टोक बाहेर आलं होतं.

"अव्वा, आप्पांच्या छातीत दुखत होतं. मला शिवरात्रीपासून माहीत होतं. ते म्हणाले तुला सांगू नको, मी नाही सांगितलं. ते थांबावेत म्हणून मी इंजिन लहान केलं. मला त्यांना एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडानं म्हणता आलं नाही." मी त्या गाडीकडे, त्या हाराकडे वळले. "आप्पा, मला भीती वाटते. आता पुरे. घरी बसा."