नणंदेचं नाक

सकाळपासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. बाटल्या पुसून झाल्या, पुसलेल्या परत पुसल्या. पलीकडच्या खोलीत माझी नणंद माझ्या बॅटरीच्या सेलमधून निघणारा वायू मोजत होती.

आमच्या प्रयोगशाळेचा नियमच आहे, ज्यानं द्रावण बनवलं त्यानं वायू मोजायचा नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे शास्त्रज्ञांनाही लागू पडतं. त्यामुळे द्रावण वहिनीचं आणि नाक नणंदेचं, अशी सगळे आमची थट्टा करतात.

लिथियम-ऑक्सिजन बॅटरी वीज देताना ऑक्सिजन आत घेते आणि चार्ज करताना तो परत सोडते. मधल्या द्रावणानं फक्त वाट द्यायची, स्वतः जळायचं नाही. आजवर आमची सगळी द्रावणं जळाली. माझं मात्र टिकलं, असं चार्जिंगचा आलेख सांगत होता, आणि त्याच्या जोरावर आमचे सर माझ्या नोकरीची मुदत वाढवणार होते. नाहीतर महिनाअखेरीस मी घरी. पण मेला आलेख विजेचा हिशेब देतो, ती कशाला जाळून आली ते सांगत नाही. म्हणून तर वायू मोजायचा.

नणंद मोजणीचा कागद घेऊन आली, दार लावून घेतलं.

"वहिनी, ऑक्सिजन फार कमी आहे गं. बाकी सगळा कार्बन डायऑक्साइड."

"नळी गळत असेल."

"तपासली. परत मोजलं."

या सेलच्या इलेक्ट्रोडमध्ये कार्बन नव्हताच. म्हणजे आला तो माझ्या द्रावणातूनच, तेही जळत होतं. मला तिचा भयंकर राग आला.

"सरांनी आज फक्त आलेख मागितलाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वायूचं मी पुढच्या महिन्यात देते. मशीन बिघडलं म्हणेन."

हो म्हणायला माझी जीभ उचललीसुद्धा होती.

"भाजीत मीठ जास्त पडलं तर पाहुण्यांसमोर, पहिल्या घासालाच सांगतेस," मी ओरडले. "आणि आज तोंड शिवतेस?"

तिचे डोळे भरून आले. "मिठानं तुझी नोकरी जात नाही, वहिनी."

इतक्या वर्षांत तिनं माझी बाजू पहिल्यांदाच घेतली होती. मी तिच्या हातातला कागद घेतला आणि सरांचं दार वाजवलं.